प्लेटिंगच्या पाण्यातलं जस्त आणि क्रोमियम जलपर्णीने निघेल का?

नटबोल्ट_धुळे

राम राम मंडळी. धुळ्याजवळ झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. नट-बोल्ट आणि नांगर-वखराचे सुटे भाग, बहुतेक काम बॅरलवर (फिरत्या पिंपात). शिवाय निकेलची एक लहान टाकी. धुण्याचं पाणी रोज सुमारे २००० लिटर निघतं. त्यात चुना घालतो, गाळ बसला की वरचं पाणी पुढच्या टाकीत घेतो. या टाकीचा ताजा अहवाल: पीएच ८.१, जस्त ७ मिग्रॅ/लिटर, निकेल १.५, हेक्साव्हॅलंट (षट्संयुजी) क्रोमियम ०.४, एकूण क्रोमियम १.२, टीडीएस (विरघळलेले क्षार) १९००.

मागे तीन-चार गुंठे काळ्या मातीची मोकळी जागा आहे. तिथे खड्डा करून जलपर्णी सोडायचा विचार आहे, ती केटी बंधाऱ्यामागे हवी तेवढी मिळते. एका विक्रेत्याने मुळांवर वाढणाऱ्या जिवाणूंचं द्रव कल्चर सुचवलंय, हजार लिटरला २०० मिली. जलपर्णी आणि कल्चर मिळून हे पाणी मर्यादेत येईल का? खड्डा केवढा हवा? आणि काढलेल्या जलपर्णीचं खत करून झाडांना घालता येईल का?

गाळटाकी

वनस्पती जरा बाजूला ठेवू. अहवालातले दोन्ही दोष ईटीपीतच, म्हणजे तुमच्या चुन्याच्या सांडपाणी प्रक्रियेतच, दुरुस्त होण्यासारखे आहेत.

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा जस्ताला ५, निकेलला ३, एकूण क्रोमियमला २ आणि हेक्साव्हॅलंटला ०.१ मिग्रॅ/लिटर. प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच धरायचे. म्हणजे तुमचं अडतंय ते जस्तावर आणि हेक्साव्हॅलंटवर.

जस्त अडतं ते पीएचमुळे. जस्ताचं हायड्रॉक्साइड सगळ्यात कमी विरघळतं ते पीएच ९ ते ९.५ ला. ८ ला ते अर्धवट बसतं, आणि ११ च्या पुढे बसलेलं पुन्हा विरघळायला लागतं. म्हणून हात सैल सोडून चुना ओतण्यातही अर्थ नाही. निकेलला १० च्या आसपास लागतो, त्रिसंयुजी क्रोमियमला ७.५ ते ८.५ पुरतो. तिन्ही एकत्र असताना ९.२ ते ९.५ वर थांबा. चुन्याची निवळी नव्हे, ५ ते १० टक्क्यांचं दूध करून घाला, वीस मिनिटं ढवळा, पॉलिइलेक्ट्रोलाइट (गाळाचे कण एकत्र आणणारं रसायन) लिटरला १ मिग्रॅच्या आसपास द्या, ढवळणं मंद करा आणि किमान दोन तास हात लावू नका. वरचं पाणी वेगळ्या टाकीत घेतल्यावरच सौम्य आम्लाने पीएच ८ वर आणा. गाळासकट आम्ल घातलं तर बसवलेलं जस्त परत पाण्यात येतं. पीएच पट्टीवर ९ आणि ९.५ यातला फरक ओळखू येत नाही. साधा मीटर घ्या, आठवड्यातून एकदा ७ आणि १० च्या बफरवर जुळवा.

हेक्साव्हॅलंट क्रोमियम चुन्याने बसतच नाही. तो पिवळ्या पॅसिव्हेशनमधून (जस्ताच्या मुलाम्यावर क्रोमेटचा पिवळा थर देतात त्यातून) येतो आणि चुन्याच्या टाकीतून जसाच्या तसा पुढे जातो. त्याचं धुण्याचं पाणी पहिल्यापासून वेगळ्या पिंपात धरा. तिथे सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते २.५ आणा, सोडियम मेटाबायसल्फाइट घाला, अर्धा तास ढवळा. पिवळा रंग जाऊन हिरवट आला की क्रोमियम त्रिसंयुजी झाला, मग ते पाणी चुन्याच्या टाकीत. हिशेबाने १ ग्रॅम हेक्साव्हॅलंटला २.७४ ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागतं, प्रत्यक्षात दीडपट धरा. समजा ३०० लिटर पाण्यात ४० मिग्रॅ/लिटर आहे, म्हणजे १२ ग्रॅम, तर ५० ग्रॅम पावडर. पीएच ४ वर असताना घातली तर क्रिया इतकी संथ चालते की पावडर वाया जाते आणि सल्फर डायऑक्साइडचा ठसका मात्र बसतो. जागा हवेशीर ठेवा.

एक गोष्ट लगेच सांगा: बाथ, म्हणजे प्लेटिंगचं द्रावण, सायनाइडचा आहे का? असेल तर वरची आम्लाची पायरी त्या पाण्याच्या जवळपासही नेऊ नका. सायनाइडमध्ये आम्ल गेलं की प्राणघातक वायू निघतो.

पाणकणीस

गाळटाकींनी सांगितलेलं झाल्याशिवाय वनस्पतींकडे येऊ नका, पण आल्यावर काय अपेक्षा ठेवायची ते आकड्यांत सांगतो.

तुमचं आजचं पाणी २००० लिटर गुणिले ७ मिग्रॅ, म्हणजे रोज १४ ग्रॅम जस्त. जलपर्णी भरभरून वाढतेय असं धरू: चौरस मीटरला रोज १० ग्रॅम सुकं वजन, आणि त्या सुक्या वजनात किलोला १ ग्रॅम जस्त. म्हणजे चौरस मीटरमागे रोज १० मिग्रॅ. १४ ग्रॅमला १४०० चौरस मीटर लागतील, जवळपास चौदा गुंठे. तुमच्याकडे तीन-चार आहेत. शिवाय जलपर्णीत ९४-९५ टक्के पाणी असतं, तेव्हा तेवढ्या तळ्यातून रोज अडीच क्विंटल ओला माल काढावा लागेल. काढला नाही तर ती कुजते आणि घेतलेलं जस्त पाण्यात परत देते. हा हिशेब न करता केलेली तळी दोन महिने छान दिसतात, मग आकडे पुन्हा वर जातात.

ईटीपी सुधारून जस्त १ वर आणलंत तर भार रोज २ ग्रॅमवर येतो. तिथे वनस्पतींना खरंच काम आहे, फक्त ते मोकळ्या तळ्यात करू नका. खडीचा वाफा करा, म्हणजे खडी भरून त्यात पाणवनस्पती लावलेला खड्डा. मोकळ्या पाण्यावर डास होतात, पहिल्या मोठ्या पावसात जलपर्णी वाहून नाल्याला लागते, आणि आधीच गळा दाबलेल्या नद्यांना आणखी एक झरा मिळतो. टीडीएस अडीच हजारांच्या पुढे गेलं तर ती पिवळीही पडते, तुम्ही १९०० वर आहात.

खडीच्या वाफ्यात धातू धरतात ते मुख्यतः मुळांभोवतीचा थर आणि जिवाणू. पाणकणीस आणि नळ या दलदलीतल्या उंच वनस्पतींच्या देठात पोकळ्या असतात, त्यातून हवा मुळांपर्यंत उतरते. मुळालगत लोह गंजून तांबूस लेप बसतो आणि त्या लेपावर जस्त, शिसं, आर्सेनिक चिकटतात. मुळापासून जरा दूर गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथे सल्फेट खाणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि जस्त, निकेल, कॅडमियम न विरघळणाऱ्या सल्फाइडच्या रूपात खडीत बसतात. काही स्यूडोमोनास आणि बॅसिलस हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं त्रिसंयुजी करतात. पानात जाणारा वाटा फार थोडा, म्हणून वरवर पाला कापून 'धातू काढला' असं समजू नका.

आता कल्चर. कृषी सेवा केंद्रात मिळणारे पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) किंवा जस्त विरघळवणारे जिवाणू शेतात उपयोगी आहेत, कारण ते आम्लं सोडून अडकलेलं स्फुरद किंवा जस्त पिकाला मोकळं करून देतात. तुम्हाला नेमकं उलटं हवंय, जस्त अडकवून ठेवणारे. बाटलीवर जिवाणूचं नाव आणि तो काय करतो हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. बाहेरून टाकलेले जिवाणू तसेही स्थानिक जिवाणूंपुढे काही आठवड्यांत मागे पडतात. त्यापेक्षा तुमच्याच निचरा-गटारीच्या काठचा काळा चिखल दोन बादल्या आणि ताजं शेण दहापट पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून वाफ्यात सोडा. त्या चिखलातले जिवाणू जस्ताला आधीच सरावलेले असतात.

वाफ्याचं माप असं काढा. रोजचे २ घनमीटर, पाण्याचा वाफ्यातला मुक्काम ५ दिवस, खडीतली पोकळी ३८ टक्के: २ गुणिले ५ भागिले ०.३८, म्हणजे २६ घनमीटर. पाण्याची खोली अर्धा मीटर धरली तर ५२ चौरस मीटर, साधारण ४ मीटर रुंद आणि १३ लांब. खडी १० ते २० मिमी, धुतलेली. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा मीटर ४० ते ८० मिमीचे दगड. तळाला अर्धा ते एक टक्का उतार. पाण्याची पातळी खडीच्या १० सेंमी खाली राहील असा निकासाला फिरता एल्बो बसवा.

काळ्या मातीचं विशेष सांभाळा. ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते आणि वाफ्याखाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाडते. खाली १५ सेंमी मुरूम दाबून घ्या, त्यावर जिओटेक्स्टाइल, मग एचडीपीई कागद, पुन्हा जिओटेक्स्टाइल, मग खडी. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद इथे कमी पडतो, १ मिमी घ्या. कागद फाटला तर धातू थेट विहिरीच्या पाण्याकडे निघतो आणि वर काहीच दिसत नाही.

लागवड आषाढ-श्रावणात. पाणकणसाचे १०-१५ सेंमीचे, दोन-तीन डोळ्यांचे कंद, चौरस मीटरला चार. कर्दळ कडेला चालेल. पहिले पाच-सहा आठवडे साधं पाणी, मग दर पंधरवड्याला तुमच्या पाण्याचा वाटा पाव, अर्धा, पाऊण असा चढवा. बाथ अमोनियाचा नसेल तर प्लेटिंगच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद जवळपास नसतात, म्हणून पानं पिवळी पडतात आणि लोक धातूला दोष देतात. रोज २० ग्रॅम युरिया आणि १० ग्रॅम डीएपी पुरेसं आहे. भोवती कुंपण हवंच. शेळ्यांनी हा पाला खाल्ला तर तो धातू दुधा-मटणाच्या वाटेला लागला.

केळी_रावेर

थोडं वेगळं विचारतो. आमच्याकडे जमिनीत जस्ताची कमतरता असतेच, दरसाल झिंक सल्फेट टाकावं लागतं. मग असं जस्ताचं पाणी ठिबकने केळीला, आणि त्या जलपर्णीचं कंपोस्ट बुंध्याशी दिलं तर दोन्हीकडून फायदा नाही का?

मोजमाप

नाही, दादा. आकडे बघा. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट टाकता तेव्हा जमिनीत सुमारे ५ किलो जस्त जातं. ७ मिग्रॅचं पाणी वर्षाला १००० मिमी दिलं तर हेक्टरी ७० किलो, आणि केळीला पाणी त्याहून जास्त लागतं. शिवाय सोबत निकेल आणि क्रोमियम येतात, ते पिकाला नकोत आणि जमिनीतून पुन्हा बाहेर पडत नाहीत. सिंचनाच्या पाण्यासाठी एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची) शिफारस जस्त २, निकेल ०.२ आणि क्रोमियम ०.१ मिग्रॅ/लिटरची आहे. निकेल इथे सातपटीहून जास्त, क्रोमियम बारापट. चुनखडीयुक्त काळी जमीन धातू धरून ठेवते म्हणून पहिली काही वर्षं पिकात काही दिसत नाही, आणि तोच धोका आहे. नाल्याकाठी अळू, पालक, मेथी करणाऱ्यांना तर आजच थांबायला सांगा, पालेभाज्या धातू लवकर उचलतात.

कंपोस्टमध्ये पाला कुजून वजन निम्म्याहून कमी होतं, धातू तेवढाच राहतो, म्हणजे किलोमागे वाढतो. गांडूळखत, बायोगॅस, सगळ्यांत तेच: गॅस निघून जातो, धातू स्लरीत उरतो. जाळणं त्याहून वाईट. कॅडमियम धुरात जातं, आणि चुनखट राखेत त्रिसंयुजी क्रोमियम परत हेक्साव्हॅलंट होऊ शकतो, म्हणजे इतकी मेहनत उलटी फिरली. काढलेला पाला आणि मुळं शेडखाली काँक्रीटवर सुकवा, वजन करा, नमुना तपासा. निकाल येईपर्यंत तो धोकादायक कचराच समजा. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांप्रमाणे ९० दिवसांच्या आत, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर (कचरा पाठवल्याच्या नोंदपत्रावर), ईटीपीच्या गाळासोबत अधिकृत केंद्रात पाठवायचा. राज्यात अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. वाहतूक महाग पडते, म्हणून माल पूर्ण सुकवूनच द्या.

मूळ प्रश्नकर्त्यांना मोजमापाबद्दल सांगायचं ते जास्त महत्त्वाचं आहे. खान्देशच्या मे महिन्यात ५२ चौरस मीटरच्या हिरव्या वाफ्यातून दिवसाला १२ मिमी पाणी उडतं असं धरा, म्हणजे ६०० लिटरहून जास्त. आत २०००, बाहेर १४००. आत जस्त २ मिग्रॅ, बाहेर १. कागदावर ५० टक्के दिसतं, पण आत ४००० मिग्रॅ आणि बाहेर १४०० मिग्रॅ, म्हणजे वाफ्याने खरं तर ६५ टक्के धरलं. पावसाळ्यात याच्या उलट: एका दिवसात १०० मिमी पडला तर वाफ्यावरच ५००० लिटर पडतात, आकडा सुंदर येतो आणि वाफ्याने काहीच केलेलं नसतं. म्हणून आत-बाहेर दोन्हीकडे लिटर मोजल्याशिवाय मिग्रॅ लिहू नका. आणि कडा पाण्याच्या वर ३० सेंमी ठेवा.

नमुना प्लास्टिकच्या धुतलेल्या बाटलीत घ्या. एकूण धातूंसाठी लगेच नायट्रिक आम्ल, लिटरला २ मिली, पीएच २ च्या खाली. हेक्साव्हॅलंटचा नमुना वेगळा, आम्ल न घालता, बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत. त्यात आम्ल पडलं तर हेक्साव्हॅलंट बाटलीतच कमी होतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. धुळ्याहून नमुना बाहेरगावी पाठवायचा तर सकाळी काढा, संध्याकाळच्या गाडीवर विसंबू नका. एक भाग ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून आणि एक तसाच तपासून घ्या. न गाळलेल्यात जस्त जास्त आणि गाळलेल्यात कमी असेल तर तुमची अडचण बसायच्या टाकीत आहे, रसायनात नाही.

नटबोल्ट_धुळे

सगळ्यांचे मनापासून आभार. बाथ सायनाइडचा नाही, अमोनियम क्लोराइडचा आम्ल झिंक आहे. पॅसिव्हेशन पिवळंच. वाफा बांधण्याआधी पिंपात चाचणी घेता येईल का? आणि दिवाळीला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ-आठ दिवस युनिट बंद असतं, तेव्हा वाफ्याचं काय करायचं?

गाळटाकी

अमोनियम क्लोराइड म्हटल्यावर एक दुरुस्ती. अमोनिया निकेलला आणि थोडंफार जस्ताला विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवतो, पीएच ९.५ ला तर जास्तच. म्हणून नुसता पीएच वाढवून निकेल हवा तेवढा उतरणार नाही. पोटॅशियम क्लोराइडवर चालणारे अमोनियाविरहित बाथ मिळतात, पुरवठादाराशी त्याबद्दल बोला. तोवर निकेलच्या टाकीचं धुण्याचं पाणी जस्ताच्या पाण्यात मिसळू देऊ नका, ते वेगळं १०.२ वर बसवा. एका बादलीभर पाण्यावर चाचणी करून बघा: एक-एक लिटरच्या पाच बाटल्या, पीएच ८.५, ९, ९.३, ९.६, १०, तासाभराने वरचं पाणी गाळून तपासायला द्या. तुमच्या पाण्याचा नेमका आकडा त्यातून मिळतो.

पिवळ्याऐवजी त्रिसंयुजी पॅसिव्हेशन घेतलंत तर हेक्साव्हॅलंटचा प्रश्न मुळातच संपतो. मात्र त्या बाथमध्ये धातू धरून ठेवणारी सेंद्रिय आम्लं आणि बहुधा कोबाल्ट असतं, त्यामुळे त्याचंही पाणी वेगळं धरा.

आणि बॅरल बाथमधून उचलल्यावर वीस सेकंद वरच निथळू द्या, दोनदा उलटंपालटं फिरवा. त्यानंतर एक न वाहणारी धुण्याची टाकी ठेवा आणि तिचं पाणी बाथमध्ये भर म्हणून परत टाका. रोज १४ ग्रॅम जस्त बाहेर जातं त्यातलं बरंचसं इथेच वाचतं, आणि तो पैसा तुमचाच आहे.

पाणकणीस

पिंपांची चाचणी अशी लावा. २०० लिटरची तीन निळी पिंपं. तिन्हींत १७० लिटरपर्यंत तीच धुतलेली खडी. पहिल्यात फक्त खडी. दुसऱ्यात खडी आणि पाणकणसाचे दोन कंद. तिसऱ्यात तेच, शिवाय चिखल-शेणाचं पाणी ५ लिटर. पहिलं पिंप वगळू नका. खडीवर सुरुवातीला धातू नुसताच चिकटतो, आणि पहिल्या महिन्यातलं सगळं श्रेय झाडांना मिळून जातं.

१७० लिटर खडीत पाणी मावतं सुमारे ६५ लिटर, पाच दिवसांच्या मुक्कामाला रोज १३ लिटर. तासाला २ लिटरचा साधा ठिबकचा ड्रिपर रोज साडेसहा तास चालवा. टाकीची उंची कमी असली की ड्रिपर कमी देतो, तेव्हा रोज मापाच्या भांड्यात मोजा. ड्रिपर चुन्याने तुंबतो, म्हणून आधी वाळूची गाळणी. वाफ्यालाही हेच लागू: तरंगणारा गाळ ३० मिग्रॅ/लिटरच्या वर असेल तर वर्षाच्या आत पहिला मीटर सिमेंटसारखा धरतो. पिंपात पाणी तळाशी सोडा, वरून काढा. दर आठवड्याला आत-बाहेर जस्त, निकेल, पीएच आणि लिटर. तीन महिने तरी चालू द्या, त्यात आखाजीचा कडक उन्हाळा आला तर उत्तम.

चाचणीत सल्फाइडचा भाग कमकुवत वाटला तर चौथं पिंप जोडा, झाड नसलेलं: पऱ्हाटीचा चुरा ५ भाग, चुनखडीची खडी ३, कडबा १, जुनं शेण १. मुक्काम दोन-तीन दिवस. १० मिग्रॅ जस्ताला १५ मिग्रॅ सल्फेट लागतं, बोअरच्या पाण्यात तेवढं बहुधा असतंच. पहिले तीन-चार आठवडे यातून चहासारखं तपकिरी, वासाचं पाणी येतं आणि बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) भरमसाट असतो. ते ईटीपीच्या सुरुवातीला परत टाका. सडक्या अंड्याचा वास आला म्हणजे काम सुरू झालं, पण झाकण लावून ठेवा आणि पिंपावर वाकू नका. तो वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं.

बंदच्या दिवसांसाठी: वाफा कधीही कोरडा पडू द्यायचा नाही. बसलेली सल्फाइडं पाण्याखाली आहेत तोवर स्थिर असतात. आठ दिवस हवा लागली तर ती ऑक्सिडाइज होतात, जस्त आणि आम्ल दोन्ही सुटतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या पाण्यात सगळ्यात वाईट आकडा येतो. सुट्टीआधी निकासाचा एल्बो वर फिरवून पातळी खडीपर्यंत चढवा. उन्हाळ्यात दिवसाला १२ मिमी उडालं तर ३८ टक्के पोकळीच्या खडीत पातळी रोज ३ सेंमीहून जास्त उतरते, आठ दिवसांत पाव मीटर. म्हणून बोअरच्या पाण्याची फ्लोट व्हॉल्व्ह लावलेली टाकी जोडून ठेवा. सुट्टीनंतरचे पहिले दोन दिवस बाहेर पडणारं पाणी साठवा, तपासा, आणि गरज पडली तर पुन्हा चुन्याच्या टाकीत घ्या.